लेंट का आणि कसा पाळायचा? एका पाळकाचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमच्या मंडळीत आजवर लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ, पाळला गेला नाही. यंदा तरुण संघाने तो मनावर घेतलाय, आणि काही वडीलधाऱ्यांचं म्हणणं असं की पवित्र शास्त्रात लेंट कुठेच नाही, मग हे नवं कशाला? कमिटीत नुकत्याच आलेल्या तुम्ही दोघांच्या मध्ये सापडलात. तुम्ही विचारलंत: शास्त्रात नसलेलं का पाळायचं? चाळीस दिवस म्हणतात, पण मोजले तर शेहेचाळीस का भरतात? लोक काहीतरी सोडतात आणि ईस्टर उलटला की पुन्हा धरतात, याला काय अर्थ? आणि मधुमेह असलेल्या तुमच्या आईंनी उपास करावा का?

मी २८ वर्षं पाळकाची सेवा करतोय. त्यातली पहिली काही वर्षं मी लेंट चुकीच्या बाजूने शिकवला. त्यामुळे जरा लांब लिहिणार आहे.

वडीलधाऱ्यांचा आक्षेप आधी घेऊ, कारण तो खरा आहे. ईस्टरच्या आधी अमुक इतके दिवस उपास करा, अशी आज्ञा नव्या करारात नाही. प्रभूने उपास गृहीत मात्र धरला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, ६ व्या अध्यायात, तो 'तुम्ही उपास करता तेव्हा' असं म्हणतो, 'केलात तर' असं म्हणत नाही. आणि मत्तय ९ मध्ये सांगतो की वर, म्हणजे नवरदेव (तो स्वतः), शिष्यांतून काढून घेतला जाईल, तेव्हा ते उपास करतील. पहिल्या मंडळ्यांनी हा शब्द प्रभूच्या मरणाच्या दिवसांना लावला आणि पुनरुत्थानाच्या सणाआधी उपास सुरू केला. किती दिवस, यावर एकमत नव्हतं. इ. स. १९० च्या सुमारास बिशप इरेनियसने रोमचा बिशप व्हिक्टर याला लिहिलेल्या पत्रात नोंद आहे की कोणी एक दिवस उपास करतात, कोणी दोन, कोणी त्याहून जास्त, तर कोणी सलग चाळीस तास. त्याचं पुढचं म्हणणं तुमच्या कमिटीत मोठ्याने वाचून दाखवण्यासारखं आहे: उपासातला हा फरक विश्वासातली आपली एकी पक्की करतो.

चाळीस दिवसांचा उल्लेख स्पष्टपणे येतो तो ३२५ साली, निकेया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेत. तिथल्या पाचव्या नियमात बिशपांच्या सभेची एक वेळ ठरवताना 'चाळिसाच्या आधी' असं सहज म्हटलंय, जणू ते काय असतं हे सगळ्यांना ठाऊकच आहे. म्हणजे रीत आधी रुजली, नियमात तिचा उल्लेख नंतर आला.

पुढे त्याच रीतीची सक्ती झाली आणि सक्तीविरुद्ध लोक उठलेही. १५२२ च्या लेंटमध्ये झुरिकमध्ये क्रिस्टोफ फ्रोशाउअर नावाच्या मुद्रकाच्या घरी काही जणांनी सॉसेज खाल्ले. त्या काळात लेंटमध्ये मांस खाणं हा गुन्हा होता. झुरिकचा धर्मसुधारक पाळक झ्विंगली तिथे हजर होता. त्याने स्वतः खाल्लं नाही, पण काही दिवसांनी अन्नाच्या स्वातंत्र्यावर उपदेश केला आणि तो छापला. त्याचं सांगणं साधं होतं: तुला उपास करायचाय तर कर, पण दुसऱ्याच्या विवेकावर ते ओझं लादू नकोस. पुढचा धर्मसुधारक कॅल्व्हिन यानेही लेंटभोवतीच्या अंधश्रद्धेवर कडक टीका केली, पण उपास ही गोष्टच टाकून दिली नाही. लूथरन आणि अँग्लिकन मंडळ्यांनी तर हा काळ आपल्या दिनदर्शिकेत ठेवला. तेव्हा तुमच्या वडीलधाऱ्यांना सांगा की त्यांचा आक्षेप जुना आहे आणि मानाचा आहे. तरुणांना सांगा की कोण पाळतो आणि कोण नाही, याचा हिशोब त्यांनी ठेवायचा नाही. हे दोन्ही मान्य झालं, तर पुढचं बोलणं सोपं जाईल.

आता मोजणीचं. राखेच्या बुधवारपासून (लेंटचा पहिला दिवस, त्या दिवशी कपाळाला राख लावतात) ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. त्यात सहा रविवार येतात. प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून तो उपासात धरत नाहीत. उरले ४०. उदाहरणार्थ २०२६ मध्ये १८ फेब्रुवारी ते ४ एप्रिल मोजून पाहा. आधी पश्चिमेकडे सहाच आठवड्यांचा उपास होता, म्हणजे रविवार वगळून ३६ दिवस. पोप थोरला ग्रेगरी त्याला वर्षाचा दशमांश म्हणे. नंतर त्याच्या आधीचे चार दिवस जोडले गेले आणि सुरुवात बुधवारी आली. पूर्वेकडच्या मंडळ्यांची मोजणी वेगळी आहे. त्यांच्याकडे आरंभ सोमवारी होतो आणि दुःखसहनाचा आठवडा, म्हणजे ईस्टरच्या लगेच आधीचा आठवडा, चाळिसाच्या बाहेर राहतो. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान फिरतो, म्हणून राखेचा बुधवारही ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांमध्ये फिरतो. चाळीस हा आकडा शास्त्रातलाच आहे: सीनायवर मोशे, होरेबच्या वाटेवर एलीया, निनवेला मिळालेली मुदत, आणि अर्थातच अरण्यातला आपला प्रभू. 'लेंट' हा शब्द मात्र जुन्या इंग्रजीतला आहे. त्याचा अर्थ वसंत, दिवस मोठे होण्याचा काळ, एवढाच. त्या शब्दात उपास नाही की शोक नाही.

तुमचा तिसरा प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटतो. लोक काहीतरी सोडतात आणि पुन्हा धरतात. असं का होतं? माझं मत असं की आपण लेंट एकट्याचा करून टाकला आहे.

इ. स. ३८० नंतरच्या काही वर्षांत एगेरिया नावाची एक बाई यरुशलेमेला तीर्थयात्रेला गेली आणि तिथे जे पाहिलं ते तिने आपल्या भगिनींना लिहून कळवलं. तिच्या वर्णनात लेंट म्हणजे मुख्यतः बाप्तिस्म्याची तयारी आहे. सुरुवातीला बिशप बसतो. बाप्तिस्मा घेऊ पाहणाऱ्या एकेकाला त्याच्यासमोर आणतात. बिशप त्या माणसाला काही विचारत नाही, त्याच्या शेजाऱ्यांना विचारतो: हा नीट वागतो का? आईबापांना मान देतो का? दारू पितो का, खोटं बोलतो का? शेजाऱ्यांनी ग्वाही दिली की बिशप स्वतःच्या हाताने त्याचं नाव लिहून घेतो. मग रोज सकाळी तीन तास शिक्षण. बिशप उत्पत्तीपासून सुरू करतो, सगळं शास्त्र उलगडतो आणि पाच आठवड्यांनंतर विश्वासांगीकार, म्हणजे मंडळीचा विश्वास थोडक्यात सांगणारं विधान, शिकवतो. आधीच बाप्तिस्मा झालेले लोकही येऊन बसतात, ऐकतात. तिथे शनिवार-रविवार उपास नसे, म्हणून त्यांचा लेंट आठ आठवड्यांचा होता.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की लेंटच्या मध्यभागी कोण होतं. जे मंडळीत यायला निघाले होते ते, आणि त्यांच्या बाजूला, जे मंडळीतून तुटले होते आणि परत येऊ पाहत होते ते. मोठं पाप उघड झालेली माणसं लेंटमध्ये पश्चात्ताप करणाऱ्यांच्या गटात असत आणि पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, त्यांना पुन्हा सहभागितेत घेतलं जाई. बाकीची मंडळी त्यांच्याबरोबर उपास करी, त्यांच्यासाठी प्रार्थना करी. राखेचा उगमही तिथलाच. राख आधी या माणसांच्या डोक्यावर असे. पुढे उघड प्रायश्चित्ताची ती पद्धत मागे पडली आणि सगळेच राख घेऊ लागले. १०९१ साली बेनेव्हेन्तोच्या सभेत पोप दुसरा उर्बन याने ही रीत सर्वांसाठी सांगितली. पाळक असो, राजा असो, सगळे त्या एकाच रांगेत आले. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

म्हणून तुमच्या कमिटीपुढे मी पहिला प्रश्न हा ठेवीन: यंदा आपल्यात कोण येतंय, आणि आपल्यातून कोण तुटलंय? काय सोडायचं, हा विषय त्यानंतरचा.

माझी चूक इथेच झाली होती. सेवेच्या सुरुवातीच्या एका वर्षी मी चर्चच्या भिंतीवर तक्ता लावला. नाव, आणि नावापुढे कोणी काय सोडलं ते. लोकांना हुरूप यावा असा हेतू होता. तिसऱ्या आठवड्यापासून काही जण चर्चला येईनासे झाले, कारण त्यांचा नेम मोडला होता आणि तो भिंतीवर दिसत होता. आणि एका रविवारी उपासनेनंतर एक बाई त्या तक्त्यासमोर उभी होती. तिच्या घरात अर्धपोटी झोपायची वेळ अधूनमधून येत असे, हे मला माहीत होतं. तिने विचारलं, "पाळकसाहेब, मी काय सोडू?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन यशया ५८ उघडला. तिथे लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपास केला आणि तू पाहिलंही नाहीस. देव म्हणतो की उपासाच्या दिवशीही तुम्ही आपल्या मजुरांना राबवता, भांडता, मुक्का मारता. मला पसंत पडणारा उपास म्हणजे जाचलेल्याला मोकळं करणं, भुकेल्याला आपल्या भाकरीतलं देणं, बेघराला घरी आणणं. मी तो अध्याय किती वेळा वाचून दाखवला होता, पण त्यात ती बाई कुठे उभी आहे हे मला दिसलं नव्हतं. तिने काय सोडावं हा प्रश्नच नव्हता. बाकीच्यांचा उपास तिच्यासाठी होता.

दुसऱ्या दिवशी तक्ता काढला. पुढच्या वर्षापासून आम्ही एक जुनी रीत धरली. 'हर्मासचा मेंढपाळ' या दुसऱ्या शतकातल्या लिखाणात ती आहे: उपासाच्या दिवशी जे जेवण तू टाळलंस त्याची किंमत मोज आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला दे. एक बंद पेटी, नाव नाही, पावती नाही. आठवड्यात एक जेवण टाळायचं आणि त्याचे पैसे पेटीत टाकायचे. ज्यांना पेटीतून मदत जायची त्यांची नावं मला आणि मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनाच माहीत असत. मत्तय ६ मध्ये प्रभू दान, प्रार्थना आणि उपास या तिन्ही गोष्टी एका दमात सांगतो आणि तिन्ही गुप्तपणे करायला सांगतो. यातला उपास तेवढा उचलला आणि दान मागे ठेवलं, तर हाती फक्त पथ्य उरतं.

आता, एखाद्याने मोबाइलवरचे तासन्‌तास किंवा एखादी सवय चाळीस दिवस सोडली तर ते वाईट आहे का? नाही. पण त्याला एक प्रश्न विचारा: तो वेळ कोणाला मिळाला? आजारी माणसाकडे बसायला, मुलांशी बोलायला, शास्त्र वाचायला मिळाला असेल, तर ईस्टरनंतर त्याने मोबाइल पुन्हा हातात घेतला तरी त्या माणसाशी जुळलेलं नातं राहतं. सोडलेलं परत धरणं हे पाप नाही. ईस्टर हा सणच आहे, आनंदाने खा.

उपदेशाबद्दल एक कळकळीची विनंती. या दिवसांत 'आपला वधस्तंभ उचला' हे वाक्य पुष्कळदा बोललं जातं. घरात मार खाणाऱ्या बाईला, जिच्यावर अत्याचार झालाय अशा मुलीला, हे ओझं तुझा वधस्तंभ आहे असं कोणी सांगत असेल, तर कमिटीने त्याला थांबवावं. प्रभूने आपला वधस्तंभ स्वखुशीने उचलला. दुसऱ्याने केलेली मारहाण सोसत राहणं ही त्याची आज्ञा नाही. यशया ५८ मध्ये जोखड मोडायला सांगितलंय. अशा बहिणीसाठी मंडळीचा लेंट म्हणजे तिला सुरक्षित जागा आणि कायद्याची मदत मिळवून देणं. हे मी तुम्हाला ठामपणे सांगतो, कारण मी स्वतः एकदा गप्प राहिलो होतो.

आईंबद्दल. मधुमेह असताना, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना, जेवण टाळणं धोक्याचं आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांनी उपास करू नये, आणि न करण्यात कमीपणा मुळीच नाही. कॅथलिक मंडळीतही उपासाचा नियम १८ पूर्ण झालेल्यांपासून ५९ वर्षांपर्यंतच्यांनाच आहे, आणि तोही फक्त दोन दिवसांचा, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). आजारी माणसांना सूट आहेच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही उपासाला लावू नका. आणखी एक गट सहज नजरेतून सुटतो: जेवणाशी ज्यांचं झगडणं चालू आहे, जे वजनाच्या धास्तीने उपाशी राहतात, अशी तरुण मुलं-मुली. त्यांना उपास हे आयतं निमित्त मिळतं. तरुण संघात असं कोणी असेल तर त्याला वेगळं बोलावून सांगा की तुझा लेंट म्हणजे रोज सगळ्यांबरोबर बसून नीट जेवणं. आई प्रार्थनेची यादी सांभाळू शकतील. आमच्याकडे हे काम नेहमी वयस्कर बहिणींनीच उत्तम केलंय.

पहिल्या वर्षी काय करावं? थोडंच करा. मी तरी असं सुचवीन: आठवड्यातल्या एका संध्याकाळी तासभर एकत्र या आणि मार्कचं शुभवर्तमान वाचा. झावळ्यांच्या रविवारपर्यंत (ईस्टरच्या आदल्या रविवारपर्यंत) पहिले १३ अध्याय होतात, १४ आणि १५ दुःखसहनाच्या आठवड्यात, १६ वा ईस्टरच्या सकाळी. वाचून झालं की पाच मिनिटं खरोखर शांत बसा. पहिल्या दोन आठवड्यांत लोक चुळबुळतात, मग त्यांनाच ती शांतता हवीशी वाटू लागते. शेवटी ५१ वं स्तोत्र म्हणा. पुष्कळ मंडळ्यांत या काळात 'हालेलुया' म्हणत नाहीत, ते ईस्टरच्या पहाटेसाठी राखून ठेवतात. संडेस्कूलच्या मुलांना ही गोष्ट फार आवडते. कागदावर 'हालेलुया' लिहून तो पेटीत बंद करायचा आणि ईस्टरला उघडायचा. तुम्ही करून पाहा. वेदीवर जांभळं कापड घालतात, ते नसेल तर अडत नाही.

आणि तुटलेल्यांकडे जा. लेंटच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कमिटीने तीन-चार नावं ठरवावीत आणि दोघादोघांनी घरी जावं. फोन करून भागवू नये. आमच्या मंडळीत दोन भाऊ हिशोबाच्या वादावरून एकमेकांशी बोलत नव्हते. मी दोघांकडे गेलो. पवित्र गुरुवारी, पाय धुण्याच्या उपासनेला, एक आला. दुसरा आला नाही. जो आला तो रिकाम्या खुर्चीकडे पाहत बसला होता. दुसरा तीन वर्षांनी आला, तेही एका अंत्यविधीच्या निमित्ताने, आणि बाहेरच थांबलेला पहिला भाऊ त्याला हाताला धरून आत घेऊन गेला. सगळं चाळीस दिवसांत होत नाही, एवढी तयारी ठेवून जा.

राखेचा बुधवार करायचा की नाही, हे तुमची मंडळी ठरवेल. मत्तय ६ मध्ये तोंड धुऊन उपास करायला सांगितलंय आणि नेमका तोच उतारा वाचून आपण कपाळाला राख लावतो, हा विरोध मलाही जाणवतो. म्हणून मी लोकांना सांगतो की उपासना संपल्यावर, वाटलं तर, पुसून टाका. ज्याला घरापर्यंत ठेवायची त्याने ठेवावी. राख लावताना 'तू माती आहेस आणि मातीला मिळशील' या अर्थाचं उत्पत्ती ३:१९ मधलं वचन म्हणतात. तान्ह्या बाळाच्या कपाळी राख लावताना ते म्हणणं मला दर वर्षी जड जातं.

करणार असाल तर राखेची तयारी आधी करा. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून ती बनवतात. तुमच्याकडे त्या जपून ठेवलेल्या नसतील, तर यंदा घरोघर सांगून ठेवा की सणानंतर फेकू नका, पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी परत आणा. झावळ्या अगदी वाळलेल्या हव्यात, ओलसर असल्या तर नुसता धूर होतो. उघड्यावर, धातूच्या भांड्यात, मुलांना लांब ठेवून जाळा. पूर्ण गार झाल्यावर कुटा आणि बारीक चाळणीतून दोनदा गाळा. पुष्कळ झावळ्यांची मूठभरच राख होते, पण एवढी मंडळीला पुरते. एक चूक मी केलीय ती तुम्ही करू नका: राख कपाळाला नीट चिकटावी म्हणून मी ती पाण्यात कालवली होती. राखेत क्षार असतात, पाण्याने ते जागे होतात. त्या संध्याकाळी तीन-चार मुलांची कपाळं लाल होऊन चुरचुरली. कोरडीच लावा, नाहीतर खाण्याच्या तेलाचे दोन थेंब घाला, आणि आधी स्वतःच्या मनगटावर लावून पंधरा मिनिटं थांबून बघा.